मोकळं

नारळाच्या झाडावर चढणं म्हणजे काम नव्हे. ते कामावर जाणं झालं. काम वर पोचल्यावर सुरू होतं. पायांत दोरीचा फास, कमरेला कोयता, छाती खोडाला घासत वर सरकायचं, आणि शेंड्यात पोचलं की झावळ्यांच्या बेचक्यात खांदा रोवायचा. खांदा बसला की अंगाचं ओझं झाड घेतं आणि उजवा हात सुटा होतो. तोवर पोटऱ्या थरथरत असतात. त्या थरथरीत कोयता चालवायचा नसतो. दम खायचा, आणि मग खाली हाक द्यायची.

अर्जुना लवटेची हाक एकच होती. "खाली?"

खालून त्याच्या बायकोचं, रंगुबाईचं, उत्तरही एकच होतं. "मोकळं."

मग कोयत्याचा घाव. मग धप.

आष्ट्याच्या भोवतालच्या मळ्यांत हे तीन आवाज सगळ्यांच्या कानांत बसले होते. उसात भांगलणाऱ्या बायकांना माणूस दिसायचा नाही, पण आवाज ऐकला की त्या म्हणायच्या, अर्जुना आलाय गं आज, जाताना दोन नारळ मागून घेऊ.

वर असलेल्याला खालचं दिसत नाही, हे ज्यानं झाड चढलेलं नाही त्याला सांगून पटत नाही. झावळ्या मधे येतात, घड मधे येतात, फुलोऱ्याच्या वाळक्या पोयी मधे येतात. मान मोडून बघितलं तर बुंध्याजवळचा घासभर तुकडा दिसतो. बाकी सगळं खालच्या माणसाच्या भरवशावर. घड सुटला की तो परत बोलावता येत नाही.

तो शब्द मात्र पहिल्यापासून नव्हता. आधी रंगुबाई "टाका" म्हणायची. कुणी आडवं आलं तर "थांबा" म्हणायची. सरळ गोष्ट होती. पण वारं असलं, झावळ्या सळसळत असल्या, की वरपर्यंत शब्द अख्खा पोचत नाही, त्याचं शेपूट पोचतं. आणि टाका काय, थांबा काय, शेपूट एकच. आप्पासोंच्या मळ्यात रंगुबाई थांबा म्हणाली आणि अर्जुनानं टाका ऐकलं. आप्पासोंचं रेडकू दावं सोडवून झाडाखाली आलं होतं. घड त्याच्या कण्यावर उतरला. रेडकू ओरडलंसुद्धा नाही. मागचे पाय दुमडून खाली बसलं आणि परत उठलं नाही. आप्पासोंची बायको रेडकाच्या तोंडाशी पाण्याचं घमेलं धरून बसली, ते अर्जुनाला पुढं कितीतरी दिवस दिसायचं.

घरी येताना कालव्याच्या कडेनं रंगुबाई मागून चालत होती आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती. अर्जुनाला वाटलं, रडत असेल. ती शब्द म्हणून बघत होती. सोडा. होऊ द्या. चालतंय. एकेक म्हणायची आणि थांबा त्याच्या शेजारी ठेवून बघायची. घराजवळ आल्यावर ती म्हणाली, "आवं, इथनं फुडं मी मोकळं म्हणणार. ह्या शब्दागत दुसरा शब्दच न्हाई."

"आन् थांबायचं आसलं तर?"

"तर काय बी म्हणणार न्हाई. मी गप म्हंजी तुमी गप."

ती रीत दोघांनी कधी मोडली नाही.

अर्जुना मूळचा नारळाच्या मुलखातला नव्हता. आटपाडीच्या अंगाचा, धनगराचा पोरगा. त्यांच्या माळावर उंच म्हणावं असं झाड म्हणजे बाभूळ. मेंढरांना पाला पाडायला तो आकडी घेऊन बाभळीवर चढायचा, काटे काढत उतरायचा. ऊस तुटून गेला की त्यांचा वाडा, म्हणजे धनगरांचा अख्खा तळ, मेंढरं घेऊन वाळव्याकडं यायचा. रिकाम्या रानात मेंढरं बसवायची, रानाला लेंडीखत मिळायचं, ह्यांना धान्य मिळायचं. असंच एका मळ्यात मेंढरं बसली असताना मालकानं विचारलं, गड्या, बाभळीवर चढतोस तर ह्या नारळावर चढशील का. अर्जुना चढला. बाभळीला फांद्या असतात, नारळाला काहीच नसतं, हे त्याला अर्ध्यात गेल्यावर उमगलं. मागं फिरायची लाज वाटली म्हणून तो वर गेला. खाली आला तेव्हा छातीचं कातडं सोलून निघालं होतं. रंगुबाईनं खोबरेल लावलं आणि म्हणाली, "मेंढरं कातरणारी बरी तुमच्यापेक्षा. निदान नीट सोलत्यात."

पुढं मेंढरं थोरल्या भावाकडं गेली. अर्जुना आष्ट्याजवळ राहिला. ओढ्याच्या वरच्या अंगाला दोन खोल्या झाल्या. मल्हार तिथंच जन्मला. मल्हारच्या वेळी रंगुबाईच्या ओटीत आलेला एक नारळ कोपऱ्यात राहून गेला आणि त्याला कोंब फुटला. कोंब आलेला नारळ फोडायचा नाही म्हणून तिनं तो घरामागं, धुण्याच्या दगडापाशी पुरला. तो लागला. आता त्याचा शेंडा घराच्या कितीतरी वर गेला होता.

रंगुबाई खाली नुसती उभी राहत नव्हती. हाक आली की ती आधी झाडाला एक पूर्ण फेरी मारायची. बुंध्याच्या मागं कोण बसलंय का, बांधाआड कुणाची शेळी आहे का, सगळं बघायची. मग बाजूला सरून, उन्हाकडं पाठ करून मोकळं म्हणायची. अर्जुनाला वरून तिची पावलं ऐकू यायची. पडलेल्या झावळीवर पाय पडला की कुर्रर वाजायचं. ती फेरी पुरी व्हायला जो वेळ लागायचा तेवढाच त्याचा विसावा. एकदा एक मळेवाला म्हणाला, "रंगुबाई, तिथनंच बघून सांग की, मोटार बंद हाय, रानात कोण न्हाई, दिसतंय सगळं." ती म्हणाली, "दिसतंय तर तुमी हुबं ऱ्हावा झाडाखाली." तो राहिला नाही.

नारळ उतरले की तिचं दुसरं काम सुरू व्हायचं. झावळ्या ओढून न्यायच्या, चिरायच्या, पात्यांमधले हीर काढून खराटे बांधायचे. जाड झावळ्यांचे झाप गोठ्याच्या भिंतीला लागायचे. वरचा काथ्या बंबात जायचा. करवंट्यांचा तिला एवढा सोस की मल्हार म्हणायचा, आईला वाळवंटात सोडली तरी ती करवंटी शोधून आणंल.

मल्हार मोठा होऊन दुधाच्या टँकरवर लागला. मंगल सून होऊन आली. मंगल सासूबरोबर मळ्यावर जायची, नारळ गोळा करायची, हीर काढायची. रंगुबाई तिच्या हिरांना नावं ठेवायची. "तुजा खराटा हाय का दाढी," म्हणायची. मंगल हसायची आणि परत तसेच जाड हीर काढायची.

गेल्या थंडीत रंगुबाईला कावीळ झाली. अंगावर काढली. डोळे पिवळे झाले तरी ती मळ्यावर येत होती. शेवटी सांगलीच्या दवाखान्यात न्यावं लागलं. तिथं चार दिवस ती होती, त्यातले पहिले दोन बोलत होती. नंतर तिचं भान गेलं. डोळे अर्धे उघडे, हात चादरीवर, आणि मधूनच स्पष्ट, मळ्यावर असल्यासारखी म्हणायची, "मोकळं."

नर्सनं विचारलं, काय हवंय त्यांना. मल्हार म्हणाला, "काय नको, ती कामावर हाय."

अर्जुना खाटेशेजारी स्टुलावर बसला होता. त्याला मल्हारपेक्षा जास्त समजत होतं, आणि ते कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. मोकळं म्हटल्यावर रंगुबाई थांबत होती. तिच्या कपाळावर बारीकशी आठी येत होती. ती धपची वाट बघत होती. मोकळं म्हटलं की पुढं धप व्हायला पाहिजे. ती होत नव्हती. मग ती परत म्हणत होती. सगळं बघून झालंय, फेरी मारून झालीय, कुणी आडवं नाही, मग हा माणूस सोडत का नाही, असं तिचं तोंड होतं. अर्जुनानं तिचा हात धरून ठेवला होता. दवाखान्यात खाली टाकण्यासारखं त्याच्याजवळ काही नव्हतं. चौथ्या दिवशी दुपारी ती मोकळं म्हणाली, वाट बघत राहिली, आणि तशीच गेली.

कार्य झालं. मळेवाल्या नानासोंचा निरोप आला की त्यांच्या विहिरीवरचे नारळ वाळून पडायला लागलेत. अर्जुनानं कोयत्याला धार लावली. मल्हार टँकरवर गेलेला, म्हणून मंगल बुट्टी घेऊन सोबत आली.

तो चढला. खांदा रोवला, दम खाल्ला, हाक दिली. "खाली?"

"व्हय मामा, टाका," मंगल म्हणाली.

अर्जुनाचा हात हलला नाही. "मंगल, मोकळं म्हण."

मग मंगल म्हणाली, "न्हाई मामा. त्यो आत्यांचा शब्द हाय. माज्या तोंडात न्हाई येत."

अर्जुना तसाच अडकून राहिला. टाका ह्या शब्दावर कोयता चालवायचा नाही, हे हाताला इतकं मुरलं होतं की डोक्यानं सांगूनही हात ऐकेना. आता उतरावं असं त्यानं ठरवलं. तेवढ्यात बांधाच्या अंगानं, जिथं उन्हाकडं पाठ करून ती उभी राहायची तिथून, आलं. "मोकळं."

त्यानं घाव घातला. धप.

त्याला भीती वाटली नाही. भीती वाटली नाही ह्याचीच त्याला नंतर, घरी भाकरी मोडताना, भीती वाटली. मंगलकडं त्यानं बघितलं. ती नेहमीसारखी वाढत होती. तिनं काही ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या झाडावर ऐकू आलं. तिसऱ्यावर आलं. घरी, ओट्यावर, रस्त्यानं चालताना, कुठंच नाही. घरात तो रंगुबाईच्या हंड्यापाशी मुद्दाम उभा राहून बघायचा. काही नाही. फक्त वर, खांदा बेचक्यात रोवला आणि हाक दिली, की ती असायची.

मग अर्जुना कामाला लागला. इतका की लोक बघत राहिले. ज्या झाडांची पाळी आली नव्हती त्यांच्याही मालकांकडं तो जायला लागला. "आरं, अजून कवळी हायती रं ती," मालक म्हणायचे. तो म्हणायचा, "झावळ्या तरी काढतो, लय वाळल्यात." उतारवयाच्या माणसानं दिवसाला जेवढी झाडं करावीत त्याच्या वर तो करायला लागला. गुडघे वाजायचे. रात्री मांड्यांत गोळे यायचे. छातीवरच्या जुन्या घट्ट्यांतून परत रक्त आलं. मंगल खाली उभी राहायची. तिनं टाका म्हणणं सोडून दिलं होतं, कारण टाका म्हटल्यावर मामा टाकत नाहीत, आपल्या वेळेला टाकतात, हे तिनं केव्हाच बघून ठेवलं होतं. ती म्हाताऱ्या माणसाची सवय असेल असं समजून ती प्रत्येक वेळी हाक आली की नुसतं व्हय म्हणायची आणि लांब सरकायची.

मल्हार एकदा जेवताना म्हणाला, "आबा, आता बास करा. ती नवी पोरं बघा, पायात लोखंडी यंत्र घालत्यात, शिडी चढल्यागत चढत्यात. त्यांना सांगू की."

"आन् मी काय करू?"

"बसा की घरात."

"घरात मला काय ऐकू येतंय," अर्जुना म्हणाला.

मल्हारचा घास हातातच राहिला. "कान दुखत्यात का? दाखवून येऊ या."

मंगलनं मात्र मान वर करून सासऱ्याकडं बघितलं आणि परत खाली घातली.

एक गोष्ट अर्जुनाला खटकत होती, आणि ती तो मनातून बाजूला सारत होता. आवाज लवकर यायला लागला होता. आधी तो हाकेनंतर, फेरीएवढा वेळ जाऊन यायचा. मग फेरी अर्धी झाली. मग हाक संपते न संपते तोच. पावलं तर पहिल्यापासूनच नव्हती. झावळीवर कुर्रर वाजत नव्हतं. रंगुबाईनं उभ्या जन्मात कधी फेरी चुकवली नव्हती, भर उन्हातही नाही, मल्हार पोटात असतानाही नाही. आणि ही फेरी न मारता मोकळं म्हणत होती. दुसऱ्या कुणी असं काम केलं असतं तर अर्जुनानं त्याला त्याच दिवशी हाकललं असतं. पण आवाज तिचा होता. तो घाव घालत राहिला.

उन्हाळ्याच्या अखेरीला परत नानासोंच्या विहिरीवरची पाळी आली. वारं अजिबात नव्हतं. नानासो विहिरीच्या कठड्यावर बसले होते. झाडाखाली ठिबकच्या नळ्यांचं वेटोळं पडलं होतं. नारळ त्याच्यावर पडले तर नळ्या फुटतील म्हणून मंगल ते ओढायला बुंध्याशी गेली. वेटोळं जड होतं, एका झटक्यात येईना.

वरून हाक आली. "खाली?"

मंगल व्हय म्हणाली नाही. गप म्हणजे थांबा.

"मोकळं," अर्जुनानं ऐकलं. हाकेच्याही आधी ऐकल्यासारखं.

घड हातातून सुटला तेव्हा झावळ्यांच्या फटीतून त्याला तो घासभर तुकडा दिसला, आणि त्या तुकड्यात मंगलची पाठ होती.

घडाचा दांडा एका झावळीला अडखळला. तेवढ्यानं तो वाकडा झाला. नारळ तिच्या डोक्याच्या बाजूनं गेले आणि एक खांद्यावर बसला. मंगल खाली बसली. ओरडली नाही. अर्जुनाला आप्पासोंचं रेडकू आठवलं.

"अर्जुना, सावकाश उतर," नानासो खालून म्हणाले. "ती जित्ती हाय. तू पडू नगंस आता."

उतरताना किती कातडं गेलं हे त्याला कळलं नाही.

गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. आष्ट्यातल्या डॉक्टरनं हात गळ्यात बांधून दिला आणि पावसाळा लागेपर्यंत हलवू नको म्हणून सांगितलं. मल्हारनं कोयता उचलून उंच खुंटीला अडकवला.

काही दिवसांनी दुपारी मंगल मागच्या दारात बसून झावळी पायाखाली दाबून डाव्या हातानं हीर काढायचा प्रयत्न करत होती. पातं निसटत होतं. अर्जुनानं जवळ बसून सुरी तिच्या हातातून घेतली आणि तो हीर काढायला लागला.

"मामा, एक इचारू?"

"इचार."

"मी गप हुते. गप म्हंजी थांबायचं, ही आत्यांचीच रीत. मग तुमी कुणाचं ऐकून टाकला?"

अर्जुनानं हातातला हीर पुरता काढला. "वाऱ्यानं काय तर वाटलं आसंल."

"वारं कुटं हुतं?"

तो पुढचं पातं धरत होता.

"आत्या म्हणत्यात व्हय मोकळं?" मंगलनं विचारलं. बाजारात भाव विचारावा इतक्या साध्या आवाजात.

"व्हय."

"कवापासनं?"

"तू म्हणणार न्हाई म्हणालीस ना, तवापासनं."

मंगलनं धुण्याच्या दगडाकडं बघितलं. "आन् दुसरं काय म्हणत्यात?"

"काय न्हाई. येवढंच."

"माज्या खराट्याचं बी काय न्हाई?"

"न्हाई."

"मग त्या आत्या न्हाईत," मंगल म्हणाली आणि हसली. हसताना हाड दुखलं म्हणून थांबली. मग हळू म्हणाली, "मामा, त्या आसू देत न्हाई तर नसू देत. त्यांना सांगा, खाली आता मी हाय."

"मी काय सांगणार."

"तुमीच सांगायचं. माजं त्यांनी कवा ऐकलंय."

अर्जुना हीर काढत राहिला. सांगितलं तर ती जाणार. न सांगता चढावं तर मंगलला खाली उभी करायची कशी. आणि चढणंच सोडलं तरी ती गेलीच, कारण ती वर सोडून कुठं नव्हती. दोन वाटा एकाच ठिकाणी जात होत्या. तिसऱ्या वाटेत मंगलचं डोकं फुटत होतं.

तो चढला नाही. कोयता खुंटीवर राहिला. घरात, ओट्यावर, ओढ्यावर तो कान देऊन बसायचा, आणि काही यायचं नाही.

मग घरामागच्या झाडाचा एक नारळ दुपारी आपणहून पडला. धुण्याच्या दगडावर आपटला, बादलीची कड फुटली. मंगल तिथून नुकतीच उठून आत आली होती. ती दुसरी बादली घेऊन लांब जाऊन बसली. संध्याकाळी मल्हार म्हणाला, "उद्या यंत्रवाल्या पोरांना घिऊन येतो."

"घरचं झाड हाय," अर्जुना म्हणाला. "मी उतरवतो. ह्यो एक डाव."

मल्हारनं मंगलकडं बघितलं. मंगल म्हणाली, "चढू द्या त्यांना. मी हाय खाली."

सकाळी ऊन अंगावर येण्याआधी अर्जुना चढला. गळ्यात हात बांधलेली मंगल खाली होती. कोंबड्या डालग्यातून सुटल्या होत्या, त्यांची कलकल वर येत होती. खोड आधीपेक्षा जाड लागत होतं. दोनदा मधे थांबून त्यानं श्वास घेतला. शेंड्यात पोचून खांदा रोवला. उसाच्या रानावर धुकट उजेड होता. पोटऱ्यांची थरथर जाईपर्यंत तो थांबला. तोंड उघडलं, हाक अजून दिली नव्हती.

"मोकळं."

धुण्याच्या दगडापासून आलं. पाऊल वाजलं नाही, झावळी वाजली नाही.

खाली मंगल कोंबड्यांना हाकत होती. अर्जुनाचा हात कोयत्याच्या मुठीवर होता. घड हाताखालीच होता, वाळलेला, एका घावाचा.

"मोकळं," ती परत म्हणाली, आणि थांबली.

ते थांबणं त्यानं ओळखलं. दवाखान्यातलंच होतं ते. ती धपची वाट बघत होती. तेव्हा त्याच्याजवळ टाकायला काही नव्हतं. आता होतं, हाताखाली होतं, आणि टाकता येत नव्हतं. ती तिसऱ्यांदा म्हणाली. त्याच आवाजात, जराही न चिडता.

त्यांच्या घरात नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायची चाल नव्हती. लग्नात एकदा घ्यायला लावलं तेवढंच. एरवी ती मल्हारची आई, आणि झाडावरून तर नुसतं खाली. इतकी वर्षं नाव न घेता भागलं होतं, कारण खाली दुसरं कुणी असायचंच नाही.

"रंगू," अर्जुना म्हणाला.

कोंबड्यांची कलकल थांबली. मंगलनं मान वर केली असेल, पण त्याला दिसत नव्हती.

"रंगू, बाजूला सर. खाली मंगल हाय."

काही आलं नाही. त्यानं वाट बघितली. शेजारच्या रानातली मोटार चालू झाली, एवढंच. मग त्यानं कोयता काढला आणि जन्मात पहिल्यांदा हाकेला नाव जोडलं.

"मंगल, खाली?"

खालून लगेच काही आलं नाही. मग वाळक्या झावळीवर कुर्रर वाजलं. परत वाजलं, जरा पुढं. मंगल फेरी मारत होती. एका हातानं तोल सांभाळत, सावकाश, बुंध्याच्या मागून, दगडाच्या पलीकडून, डालग्याला वळसा घालून. फेरी पुरी झाल्यावर ती बाजूला सरली.

"मोकळं, मामा."

आवाज मंगलचाच होता. शब्द जरा अडकत आला. अर्जुनानं घाव घातला.

धप.

बाकीचे घड त्यानं एकेक करून उतरवले. दर वेळी नाव घेऊन हाक, दर वेळी पावलं, दर वेळी मंगलचा शब्द. दुसरं काही आलं नाही. शेवटचा घड पडल्यावर तो वरच जरा बसून राहिला, काही काम नसताना. मग उतरला.

मागची जमीन ओढ्याकडं उतरती होती. सुटलेले नारळ घरंगळत जाऊन खाली कुंपणाला लागले होते. मंगल डाव्या हातानं एकेक उचलून बुट्टीत टाकत होती. अर्जुनानं फास सोडला आणि तोही गोळा करायला लागला. कुंपणापाशी सगळे होते. एकच तेवढा अर्ध्या उतारावर, धुण्याच्या दगडाच्या पुढं थांबला होता. त्याच्या पुढं खडा नव्हता, काडी नव्हती, खळगा नव्हता. पायानं अडवावा तसा तो उतारावर उभा होता.

मंगल बुट्टी घेऊन त्याच्याजवळून गेली. वाकली नाही.

"त्यो ऱ्हायला," अर्जुना म्हणाला.

"ऱ्हाऊ दे मामा," मंगल म्हणाली आणि बुट्टी कडेवर घेऊन आत गेली.

अर्जुनानं कोयता पुसला, खुंटीला लावला. दुपारी मल्हार आला, बादलीची फुटकी कड बघितली, झाडाकडं बघितलं, आणि मागच्या दारात उभा राहून विचारलं, की हा एक नारळ इथं कुणी ठेवलाय. त्यानंही तो उचलला नाही.